भावनाच्या पापण्या

माझी धाकटी बहीण भावना दिवाळीच्या सुट्टीत माहेरी आली तेव्हा मी नुकतीच अंगणवाडीतून परतले होते आणि ओट्यावर बसून चपलेचा तुटलेला पट्टा बघत होते. दारात रिक्षा थांबली. आधी प्रज्ञा, तिची सहा वर्षांची मुलगी, उडी मारून उतरली. मग भावना उतरायला लागली. तिने रिक्षाचा दांडा दोन्ही हातांनी धरला, एक पाय खाली टेकवला आणि म्हाताऱ्या बाईसारखी कण्हत दुसरा काढला. एकतीस वर्षांची मुलगी. माझ्याकडे बघून ती हसली. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या सुजल्या होत्या आणि वांग्याच्या सालीसारख्या जांभळ्या झाल्या होत्या.

मला जे वाटलं ते तेवढ्यातच वाटलं. ती ओट्याच्या पायऱ्या चढून येईपर्यंत माझ्या मनात खटला उभा राहून निकालही लागला होता.

त्याचं कारण सांगायला हवं. माझं लग्न बाविसाव्या वर्षी झालं. नवरा माणगावला गॅरेजमध्ये होता. पहिल्यांदा त्याने मारलं तेव्हा माझा डोळा काळा झाला. मी माहेरी, बोर्लीला आले तर आई म्हणाली, "डोल्याला काय झाला गं?" मी म्हटलं, "दाराची कडी लागली." आई म्हणाली, "जपून वावरावा." बाबा तिथेच बसले होते, पेपर वाचत. कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. पुढची तीन वर्षं मी कडी, मोरी, भांडं, जिना अशी कारणं देत राहिले आणि ती सगळ्यांना पटत राहिली. शेवटी मनगट मोडलं तेव्हा मी स्वतःच्या पायांनी परत आले. नंतर बाबा वारले, भावनाचं लग्न झालं. घरात मी आणि आई बायजाबाई अशा दोघीच उरलो.

अंगणवाडीत मला बारा वर्षं झाली. पोरांना खिचडी घेऊन जायला बायका येतात, त्यातली एखादी पदर कपाळापर्यंत ओढून येते. मी तिला बाजूला घेते आणि दुसरा प्रश्न विचारते. तिसरा, चौथासुद्धा. अशा अकरा जणींना मी पोलीस ठाण्यात घेऊन गेले आहे. माराचा रंग मला पाठ आहे. आधी लाल, मग काळानिळा, आठवड्याने हिरवट, पंधरा दिवसांत पिवळा, आणि मग कातडी काही झालंच नाही असं दाखवते. हे मी कुठे वाचलेलं नाही.

भावनाच्या नवऱ्याबद्दल, धम्मदीपबद्दल, माझी तक्रार अशी काहीच नव्हती. तो नागावला डाकसेवक. सायकलवरून गावभर टपाल वाटायचा, हळू बोलायचा, पाहुणे आले की स्वतः उठून चहा टाकायचा. आई त्याचं कौतुक करायची. मी गप्प बसायचे. माझा नवराही लग्नाआधी फार हळू बोलायचा.

"डोळ्यांना काय झालं?" मी विचारलं.

"ॲलर्जी आहे गं ताई," भावना म्हणाली. "ऑगस्टपासून काहीतरी चालूच आहे. हे बघ." तिने दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर, अगदी हाडावर, लालसर जांभळे खरखरीत चट्टे होते. "कपड्याचा साबण बदलला, भांड्याचा बदलला. जातच नाही. आणि हात भरून येतात. वर्गात मी आता फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहिते. पोरं म्हणतात, बाई, वरती कोण लिहिणार?"

ती हसली. मला फक्त 'ॲलर्जी' हा शब्द ऐकू आला. कडी, मोरी, भांडं, ॲलर्जी.

"धम्मदीप काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार? तिथल्या डॉक्टरांनी मलम दिलं. आता ह्यांनी अलिबागच्या चामडीच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय. वीस तारखेची."

दुसऱ्या दिवशी तिला ब्लाउज घालायला हात वर करता येईना म्हणून मी मदत केली. दोन्ही दंडांवर बोटांचे ठसे होते. चार इकडे, चार तिकडे.

"हे काय?"

"उठवताना ते धरतात ना, त्याचं. मला खालून उठताच येत नाही हल्ली."

दुपारी ती झोपल्यावर मी प्रज्ञाला परसात घेऊन गेले. ती कडीपत्त्याची पानं खुडत होती.

"बाबा आईला मारतात का गं?"

"नाही."

"मग आईच्या हाताला काय झालं?"

"बाबा सकाळी आईचे दोन्ही हात धरून ओढतात. आई जोरात ओरडते." तिने एक पान नाकाशी धरलं. "मग बाबा रडतात."

पोरीने तीन वाक्यं सांगितली होती. पहिली दोन मी धरली. तिसऱ्याचं मला कौतुक वाटलं नाही. मारून झाल्यावर माझाही रडायचा.

पाचव्या दिवशी धम्मदीप त्यांना न्यायला आला. अगरदांड्याहून बोटीने दिघी, तिथून रिक्षा. हातात प्रज्ञासाठी चिक्कीचा पुडा होता. मी माझा चुलत भाऊ शुभम याला आधीच बोलावून ठेवलं होतं. शेजारची चंद्राबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली, तिच्यामागे आणखी दोघी.

"भावना येणार नाही," मी म्हटलं.

त्याला वाटलं ती आजारी आहे. "बरं नाही का? मग राहू दे चार दिवस. फक्त वीस तारखेला..."

"तिच्या डोळ्यांना काय झालंय?"

"तेच तर दाखवायचंय ताई."

"दंडाला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मला काय म्हणायचं आहे ते त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. आलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो चेहरा मी ओळखीचा मानला. पकडल्या गेलेल्या माणसाचा असाच उतरतो, असं मला वाटलं.

"ताई, मी तिला... तुम्ही असं कसं..." तो दाराकडे वळला. "भावना, तू सांग ना यांना."

भावना चौकट धरून उभी होती. "ताई, त्यांनी मला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही. शपथ घेऊन सांगते."

"मीही शपथ घेत होते," मी म्हटलं. "तीन वर्षं."

शुभमने त्याच्या कानाखाली मारली. मी त्याला मार म्हणून सांगितलं नव्हतं. थांब म्हणूनही सांगितलं नाही. चिक्कीचा पुडा खाली पडला. प्रज्ञा रडायला लागली, आई आतून, "अरे जावय हाय तो," म्हणत आली, आणि भावनाने पुढे यायचा प्रयत्न केला तर तिचे गुडघेच वळले. ती उंबऱ्यावर बसली. तिथून तिला उठता येईना. धम्मदीप तिच्याकडे धावला, तर मी मध्ये उभी राहिले.

"एक पाऊल पुढे टाकलंत तर आत्ता ठाण्यात जाते."

तो मागे सरला. गालावर हात न ठेवता, तसाच उभा. मग भावनाकडे बघून म्हणाला, "आठ दिवस राहा. आराम कर. मी फोन करतो." आणि गेला.

मी तरीही ठाण्यात गेले. अर्ज दिला. त्याला बोलावून विचारलं गेलं, त्याने जबाब लिहून दिला. नागाव लहान गाव आहे. ज्या बायका त्याच्याकडून टपाल घेताना पाण्याचा पेला पुढे करायच्या, त्या आता पाकीट ओट्यावर टाकून जा म्हणायला लागल्या. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

भावना का गेली नाही, असं लोक विचारतात. एक तर तिच्या अंगात बळ नव्हतं. आणि दुसरं म्हणजे तिने माझा शब्द कधी मोडला नव्हता. बाबा तिचं शिक्षण थांबवत होते तेव्हा मी भांडून तिला डी.एड.ला घातलं होतं. ती मला मानायची. त्या विश्वासाचा उपयोग मी तिच्याविरुद्ध केला.

वीस तारखेला सकाळी सात वाजता धम्मदीपचा फोन आला. माझ्या फोनवर.

"ताई, आज वीस तारीख. तुम्ही घेऊन या हवं तर. मी येत नाही. मी घरीच थांबतो. फक्त दाखवा तिला."

"डॉक्टरकडून तुम्हाला कागद हवाय ना, ॲलर्जी आहे म्हणून? ठाण्यात दाखवायला?"

मग तो म्हणाला, "नको कागद. तिला दाखवा." मी फोन ठेवला.

भावना अंथरुणात जागीच होती. "ताई, जाऊया ना," ती म्हणाली.

"गेलीस की तो तिथूनच तुला नेईल."

"नेऊ दे की. माझंच घर आहे ते."

मी तिच्यासाठी अंडं उकडायला गेले.

त्या दुपारी मी तिचे केस विंचरत होते. तिला स्वतःला कंगवा डोक्यापर्यंत नेता येत नव्हता. कंगव्यात केसांचे झुपके येत होते. ती गमतीत म्हणाली, "सांभाळून गं, आहेत तेवढे राहू देत." मी मानेवरचे केस बाजूला केले. मानेवर, खांद्यांवर, ओढणी घेतो तेवढ्या भागात कातडी लाल जांभळी झाली होती. आली तेव्हा हे नव्हतं. मी पुढे जाऊन तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि पापण्या नीट बघितल्या.

ती आल्याला पंधरा दिवस झाले होते. पंधरा दिवस तिला कोणी हात लावला नव्हता. दंडावरचे ठसे पिवळे होऊन गेलेसुद्धा होते. पापण्या तशाच होत्या. हिरवट नाहीत, पिवळट नाहीत. उलट जास्तच गडद.

मला तेव्हाच कळलं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, पण इथे सांगते. वीस तारखेला दुपारी, हातात कंगवा धरून, मला कळलं की हा मार नाही. आणि मी पुन्हा केस विंचरायला लागले.

पुढचे अकरा दिवस मी ते कळणं दाबून ठेवलं. मला उघडपणे चुकायचं नव्हतं. चंद्राबाईसमोर, शुभमसमोर, ठाण्यातल्या हवालदारासमोर. ज्या अकरा बायकांना मी तिथे नेलं होतं त्यांचे नवरे काय म्हणतील, हेही डोक्यात होतं. आणि खरं सांगायचं तर त्या माणसासमोर. मी स्वतःला म्हणत राहिले, धसका आहे, आतला धसका बाहेर येतोय. मी तिला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांना सांगितलं, सासरी त्रास होता. त्यांनी ताकदीच्या गोळ्या आणि पेरांच्या जखमांना मलम दिलं. पेरं आता फुटली होती. तळहातावरच्या रेषांमध्येही लाल फोड आले होते. ती त्यांना हात लावू देत नव्हती.

मग तिचा आवाज नाकातून यायला लागला. पाणी प्यायली की ठसका लागून नाकातून बाहेर. संडासला जाऊन आली की पाच मिनिटं भिंतीला टेकून धापा टाकायची. एक डिसेंबरला सकाळी तिने मला हाक मारली. "ताई, मला..." एवढं म्हणून ती थांबली, श्वास घेतला, "मला प्रज्ञाच्या..." पुन्हा थांबली. वाक्य पुरं झालंच नाही. आई कोपऱ्यातून म्हणाली, "क्रांते, पोरगी जाईल आपली. त्याला फोन लाव."

मी लावला. त्याने पहिल्याच घंटेला उचलला.

"त्या अलिबागच्या डॉक्टरांकडे आणते," मी म्हटलं.

"आणा. मी दारात थांबतो."

आईने प्रज्ञाला जवळ ठेवून घेतलं. बोटीत भावना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. उन्हं होती, तिने डोळे मिटले होते, आणि त्या पापण्या सगळी बोट बघत होती. एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "नवरा का?" मी नाही म्हटलं. तिने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं.

दवाखान्याच्या दारात धम्मदीप उभा होता. किती वेळ, कोण जाणे. माझ्याकडे न बघता तो रिक्षापाशी आला, वाकला, भावनाचे दोन्ही दंड धरले, आपलं वजन मागे टाकलं आणि तिला ओढून उभं केलं. ती जोरात कण्हली. "झालं, झालं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. प्रज्ञाने सांगितलं होतं ते सगळं, तिन्ही वाक्यं, माझ्यासमोर त्या रस्त्यावर घडलं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी भावनाला बसवलं, तोंडावर दिवा धरला आणि पापण्या बघितल्या. मग पेरं. मग तिचा हात उलटा करून तळवा बघितला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"हात वर करा."

खांद्याच्या वर हात गेलेच नाहीत.

"खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं? नाही. घास अडकतो? दम कधीपासून लागतोय?"

"आठ-दहा दिवस," मी म्हटलं.

त्यांनी बोटाला यंत्र लावलं, आकडा बघितला आणि समोरची चिठ्ठी बाजूला सारून दुसरा कागद ओढला. "याला डर्मॅटोमायोसायटिस म्हणतात. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी जी शक्ती असते, ती चुकून आपल्याच स्नायूंवर उलटते. आधी कातडीवर दिसतं. पापण्यांचा हा रंग आणि पेरांवरचे हे चट्टे दुसऱ्या कशात असे एकत्र येत नाहीत. तळव्यावर आहे म्हणून मला फुप्फुसांची काळजी वाटते. आजच मुंबईला जायचं. उद्या नाही. मी फोन करून ठेवते."

"हे मारल्याचं नाही?" मी विचारलं. मार नाही, हे मला माहीत होतं. तरी कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं.

"मारल्याचं?" त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे, मग धम्मदीपकडे. "नाही हो. हा आजार आहे." मग कागदांत बघत म्हणाल्या, "तुमची वीस तारखेची वेळ होती ना? आला का नाहीत?"

धम्मदीप म्हणाला, "जमलं नाही."

एवढंच. मी त्याच्या शेजारी बसले होते. त्याने माझं नाव घेतलं नाही.

मुंबईच्या सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी तिला दाखल करून घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या हातात होतं ते सगळं केलं. स्टेरॉइडची इंजेक्शनं, मग त्याहून मोठी औषधं, नाकाला ऑक्सिजन, मग तोंडाला घट्ट बसणारा मास्क. छातीचा फोटो काढला तर दोन्ही फुप्फुसं खालून पांढरी झाली होती. मी एका तरुण डॉक्टरला गाठून विचारलं, "दहा दिवस आधी आणलं असतं तर?"

त्याने सरळ उत्तर दिलं. "संधी जास्त असती. किती जास्त, ते मी सांगू शकत नाही. हा प्रकार फार वेगाने जातो. कधी कधी वेळेवर येऊनही जातो."

धम्मदीप जवळच होता. तो प्रश्न त्याने माझ्यासमोर कधीच विचारला नसता, हे मला समजलं.

आम्ही आळीपाळीने तिच्यापाशी बसायचो. तो आला की मी उठायचे. नवव्या दिवशी भावनाने मास्क थोडा बाजूला करायला लावला. नर्सने दोन मिनिटं दिली.

"ताई, तो अर्ज... मागे घे."

"घेते."

"आज जा."

"तुला बरं वाटलं की जाते गं. आता कुठे..."

"आज," ती म्हणाली. "त्यांची नोकरी..." तिला श्वास पुरला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग होता की नाही, हे मी पुष्कळ आठवून बघितलं आहे. दमलेली होती, एवढंच सांगता येतं. मला तिला सांगायचं होतं, वीस तारखेला मला कळलं होतं. मी म्हटलं, "जाते आत्ताच." आणि मास्क लावला.

एसटीने बोर्लीला पोचायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात गेले. लिहून दिलं की माझ्या बहिणीला तिच्या पतीने कधीही मारहाण केलेली नाही, तिला आजार आहे, माझा गैरसमज झाला होता. हवालदार ओळखीचा. त्याने कागद वाचला, दुमडला.

"सगळ्याच असं लिहून देतात ताई," तो म्हणाला. "तुम्हीच तर सांगत होतात आम्हाला, विश्वास ठेवू नका म्हणून."

"हे खरं आहे."

"असेल ना," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

मी बाहेर पायरीवर आले तेव्हा धम्मदीपचा फोन आला. तो म्हणाला, "गेली." मी म्हटलं, "कधी?" तो म्हणाला, "आत्ता. अर्धा तास झाला. मी होतो." फोन कोणी ठेवला ते आठवत नाही.

तिला नागावला आणलं. आई, प्रज्ञा आणि मी बोटीने गेलो. मास्कने नाकावर खोल वण पडला होता, आणि पापण्या अजूनही जांभळ्याच होत्या. बायका त्यांच्याकडेच बघत होत्या. कोणीतरी मागे कुजबुजलं, "अजून दिसतंय बघ." धम्मदीपने ते ऐकलं. तिच्या कपाळावरची बट त्याने नीट केली आणि उभा राहिला.

सातव्या दिवशी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, त्रिशरण पंचशील झालं. तिच्या शाळेतल्या बाई दोन शब्द बोलल्या. मी कोणाला न विचारता उठले. समोर साठ-सत्तर माणसं होती, धम्मदीप पहिल्या रांगेत, प्रज्ञा त्याच्या मांडीवर.

मी म्हटलं, "मी भावनाची मोठी बहीण. माझ्या बहिणीला यांनी मारलं असं मी सगळीकडे सांगितलं. पोलिसांत दिलं. ते खोटं होतं. तिला आजार होता. त्या आजारात पापण्या जांभळ्या होतात. यांनी तिला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं होतं, मी नेऊ दिलं नाही. दोष कोणाचा असेल तर माझा आहे." मी खाली बसले.

कार्यक्रम संपल्यावर मी चपला शोधत होते, तेव्हा त्यांच्या शेजारची आवडाबाई जवळ आली. ऐंशीची म्हातारी. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"बरा केलास बाय," ती हळूच म्हणाली. "पोरीला बापाजवलच ऱ्हवाचा हाय ना आता. असाच बोलावा लागतो."

"आजी, मी खरं बोलले. खरंच आजार होता."

"व्हय गो, व्हय," ती म्हणाली आणि पुन्हा पाठ थोपटली. मी उंबऱ्यावर बसलेल्या भावनाकडे त्या दिवशी बघितलं होतं, तसंच ती माझ्याकडे बघत होती. कळवळून, आणि एका शब्दावरही विश्वास न ठेवता.

निघण्याआधी मी धम्मदीपच्या घरी गेले. तो भावनाच्या वह्या खोक्यात भरत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वीस तारीख, कंगवा, पिवळे पडलेले ठसे आणि न पडलेल्या पापण्या. अकरा दिवस.

तो ऐकत होता. हातातली वही त्याने खाली ठेवली नाही.

"तुम्ही चुकलात तेव्हा मला तुमचा राग आला नव्हता," तो म्हणाला. "तिला मी समजावलं होतं फोनवर. ताईंचं असं का होतं ते मला माहीत आहे म्हटलं, जाईल थोड्या दिवसांत." त्याने वहीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "पण तुम्हाला कळलं होतं."

"हो."

"मग आता मी काय करू, सांगा."

वही खोक्यात ठेवून तो म्हणाला, "प्रज्ञाला भेटायला येत जा. तिला मावशी हवी. माझ्याशी मात्र बोलू नका."

त्याला आता दोन वर्षं होत आली. अंगणवाडीत बायका येतात, मी अजूनही दुसरा प्रश्न विचारते. गेल्या पावसाळ्यात एक आली, सुजलेला गाल घेऊन. मी तिला आधी डॉक्टरांकडे नेलं आणि मग ठाण्यात. तो मारच होता. विचारणं बंद करता येत नाही. पण उत्तर आता मी शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकते.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी नागावला जाते. धम्मदीप दार उघडतो, प्रज्ञाला हाक मारतो आणि मागच्या दाराने बाहेर जातो. संध्याकाळी मी निघाले की परत येतो. शब्द नाही.

या रविवारी मी निघाले तेव्हा तो अंगणातच होता, सायकलची साखळी बसवत. मी फाटकापर्यंत गेले.

"तिला चष्मा लागलाय," तो मागून म्हणाला.

मी वळले. तो साखळीकडेच बघत होता.

"रोज लावायला सांगितलाय. माझं ऐकत नाही ती."

"मी सांगते तिला," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मी पुन्हा आत गेले.